भिंगाला भिंग लावताना

मॅक्रो फोटोग्राफीचं वेड तर लागलंय, पण मॅक्रो लेन्सची किंमत ऐकून गप्प बसावं लागतंय, अशा मंडळींसाठी एक जुना जुगाड आहे. कॅमेऱ्यावर २०० मिमीची टेलिफोटो लेन्स लावायची. तिच्या तोंडावर ५० मिमीची साधी लेन्स उलटी बसवायची, म्हणजे अगदी तोंडाला तोंड लावून. दोघींना जोडायला दोन्ही बाजूंनी आटे असलेली एक कडी मिळते. दोन्ही लेन्स इन्फिनिटीला ठेवायच्या. बस्स! २०० भागिले ५० म्हणजे ४. कुंडीतली मुंगी आता सेन्सरवर खऱ्या आकाराच्या चौपट उमटणार.

काही जोड्या मुंगीच्या मिशीवरचा केसन् केस दाखवतात. काही जोड्या मात्र धुकट चित्र देतात, कडेला जांभळी किनार, कोपऱ्यात सगळा गिचका. गंमत म्हणजे दोन्ही लेन्स एकेकट्या वापरल्या तर उत्तम असतात. आमच्या भाषेत सांगायचं तर युनिट टेस्ट पास, इंटिग्रेशन टेस्ट फेल.

हे असं का होतं? हा प्रश्न कॅमेऱ्यापेक्षा दीडशेहून जास्त वर्षांनी जुना आहे. त्याचं उत्तर सापडेपर्यंत जीवशास्त्रात एक अख्खा चुकीचा सिद्धांत उभा राहिला होता, आणि तो ज्याने पाडला तो माणूस शास्त्रज्ञही नव्हता. आजची गोष्ट त्याचीच. पण तिथे पोचायला जरा लांबून यावं लागेल.

सन १६६५. लंडनच्या रॉबर्ट हूकचं 'मायक्रोग्राफिया' हे पुस्तक बाजारात आलं. त्यात घडी उलगडून पाहायचं पिसवेचं भलंमोठं चित्र होतं, आणि बुचाच्या कापात दिसलेल्या बारीक कप्प्यांना हूकने दिलेलं 'सेल' हे नाव होतं. हूकचा सूक्ष्मदर्शक जोडभिंगांचा होता : एक भिंग वस्तूजवळ, एक डोळ्याजवळ, आणि हवं तेव्हा मध्ये घालायला तिसरं. हे तिसरं भिंग घातलं की एका नजरेत जास्त भाग दिसायचा. पण हूकने प्रस्तावनेत प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय की नीट निरखून पाहायचं असेल तेव्हा तो ते काढून टाकायचा. प्रकाशाला जितक्या कमी वेळा वळावं लागेल तितकी वस्तू स्वच्छ दिसते, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

यातला एक भाग आज आपण आकड्यांत सांगू शकतो. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग साधारण ४ टक्के प्रकाश परत फेकतो. दहा पृष्ठभाग ओलांडेपर्यंत दोन-तृतीयांशच प्रकाश उरतो. बाकीच्यातला काही आतल्या आत भटकत राहतो आणि चित्रावर धुकं पसरवतो. यावरचा इलाज म्हणजे काचेवरचा पातळ लेप, आणि त्यासाठी १९३५ साल उजाडावं लागलं. तेव्हा झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुलाने तो लेप देण्याची पद्धत काढली. आपल्या लेन्सवर तिरकं पाहिलं की जी हिरवट-जांभळी झाक दिसते, ती त्याचीच वंशज.

हूकने प्रस्तावनेत आणखी एक युक्ती सांगितली होती. काचेचा धागा वितळवून त्याच्या टोकाला बारीक मणी करायचा आणि तोच भिंग म्हणून वापरायचा. एकच भिंग, म्हणून चित्र जास्त स्वच्छ. पण मणी इतका लहान की तो डोळ्याला आणि वस्तूलाही जवळजवळ चिकटवावा लागायचा. हूक त्याला कंटाळला.

तिकडे हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा एक कापडव्यापारी मात्र कंटाळणाऱ्यांतला नव्हता. अंतोनी फान लेव्हेनहुक. पितळी पट्टीत बसवलेलं इवलंसं एकच भिंग घेऊन तो तासन्‌तास बसायचा. त्याचा जो सर्वांत ताकदवान सूक्ष्मदर्शक आज शिल्लक आहे, तो वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखवतो. त्याने १६७६ च्या पत्रात पाण्यातल्या सूक्ष्म जीवांचं वर्णन लंडनला कळवलं. तिथल्या रॉयल सोसायटीचा विश्वास बसेना. शेवटी १६७७ च्या नोव्हेंबरमध्ये स्वतः हूकने ते जीव सर्वांना दाखवले तेव्हा कुठे शंका फिटली. आपली उत्तम भिंगं कशी बनतात हे लेव्हेनहुकने कुणालाच सांगितलं नाही. २०२१ मध्ये न्यूट्रॉनच्या साहाय्याने त्या २७० पटवाल्या सूक्ष्मदर्शकाच्या आत डोकावून पाहिलं, तर आत काय निघावं? वितळवून केलेला मणी, हूकच्या छापील कृतीशी जुळणारा!

थोडक्यात, सुरुवातीच्या सामन्यात एका भिंगाने जोडीला हरवलं, आणि पुढची दीडशे वर्षं हेच चालू राहिलं. बीगल जहाजावर १८३१ मध्ये निघालेल्या डार्विनने सोबत घेतलेला सूक्ष्मदर्शकही साधा, एका वेळी एकच भिंग वापरायचा. ज्यांना अचूक पाहायचं होतं त्यांचा जोडीवर विश्वासच नव्हता.

याचं कारण असं की भिंगं एकमेकांना जोडली की फक्त त्यांची ताकद वाढत नाही, त्यांचे दोषही वाढतात. दोष मुख्यतः दोन. पहिला आकाराचा. गोलाकार घासलेल्या भिंगाच्या कडेवरून आलेले किरण मधल्या किरणांच्या आधीच एकत्र येतात, त्यामुळे एका बिंदूचा बिंदू न होता डाग होतो. दुसरा रंगाचा. काच निळ्या प्रकाशाला लाल प्रकाशापेक्षा जास्त वाकवते, म्हणून कडेला रंगीत किनार येते. पहिल्या भिंगाने केलेला डाग दुसरं भिंग इमानेइतबारे मोठा करून दाखवतं. चूक फॉरवर्ड होते, तीही अटॅचमेंटसकट!

रंगाचा दोष भिंगातून कधी जाणारच नाही असं खुद्द न्यूटनचं मत पडलं, म्हणून त्याने दुर्बिणीत आरसा वापरला. न्यूटन म्हणतोय म्हटल्यावर बाकीचे गप्प. अपवाद होता चेस्टर मूर हॉल नावाचा एक इंग्रज वकील. १७३० च्या आसपास त्याला सुचलं की दोन वेगवेगळ्या काचांची जोडी केली तर? साध्या क्राऊन काचेचं बहिर्गोल भिंग आणि शिसं मिसळलेल्या फ्लिंट काचेचं अंतर्गोल भिंग. फ्लिंट काच रंग जास्त फाकवते. त्यामुळे अंतर्गोल भिंग बेताचंच असलं तरी बहिर्गोल भिंगाने फाकवलेले रंग परत गोळा करतं, आणि तरीही प्रकाश वाकवायची ताकद शिल्लक राहते. असं सांगतात की गुपित फुटू नये म्हणून हॉलने दोन भिंगांचं काम दोन वेगळ्या कारागिरांना दिलं, आणि दोघांनीही ते तिसऱ्याच एका कारागिराकडे सोपवलं. आउटसोर्सिंगचे हे फायदे-तोटे तेव्हापासूनचे आहेत.

पेटंट मात्र १७५८ मध्ये जॉन डॉलंडने घेतलं. पुढे त्याच्या मुलाने इतर चष्मेवाल्यांना कोर्टात खेचलं, तेव्हा हॉलचं नाव पुढे आलं. कोर्टाने १७६६ मध्ये निकाल डॉलंडच्या बाजूने दिला. शोध टेबलाच्या खणात ठेवून देणाऱ्यापेक्षा तो लोकांपर्यंत पोचवणाऱ्याचा हक्क मोठा, असा एकंदर सूर होता.

या निकालाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. आपल्या कामाची गोष्ट अशी की इथे पहिल्यांदा एक नवा विचार व्यवहारात आला. निर्दोष भिंग बनवायच्या मागे न लागता, एका भिंगाच्या दोषासमोर दुसऱ्याचा उलटा दोष उभा करायचा.

दुर्बिणीला याचा लगेच फायदा झाला. सूक्ष्मदर्शकासाठी हीच जोडी काही मिलिमीटर आकारात घासायची होती, ते काम फार किचकट. शिवाय अशी एक जोडी फारशी ताकदवान नसायची. मग १८२३-२४ मध्ये पॅरिसच्या सेलीग नावाच्या माणसाने चार जोडभिंगं एकावर एक आटे फिरवून बसवता येतील अशी रचना शेव्हालिए बाप-लेकांकडून बनवून घेतली. ओळखीचं वाटतंय ना? आपला जुगाड तो हाच!

पण सेलीगच्या रचनेत भिंगांची फुगीर बाजू वस्तूकडे होती. रंग बऱ्यापैकी आटोक्यात आले, पण आकाराचा दोष प्रचंड. धाकट्या शार्ल शेव्हालिएने भिंगं उलटी फिरवून सपाट बाजू वस्तूकडे केली आणि चित्र एकदम सुधारलं. या शेव्हालिएची दुसरी ओळख आपल्याला जास्त जवळची आहे. निएप्स आणि दागेर या फोटोग्राफीच्या दोन्ही जनकांची गाठ त्याच्या दुकानामुळे पडली, आणि १८३९ मध्ये दागेरच्या कॅमेऱ्याला भिंगही त्यानेच दिलं. तेसुद्धा दुर्बिणीच्या धर्तीचं जोडभिंग उलटं बसवून! म्हणजे लेन्स उलटी लावायची युक्ती फोटोग्राफीइतकीच जुनी आहे.

तरीही मूळ प्रश्न सुटला नव्हता. भिंगांची बाजू बदलून पाहा, अदलाबदल करून पाहा, जमलं तर जमलं, असा सगळा कारभार. आणि या कारभाराची किंमत विज्ञान मोजत होतं. फ्रान्सचा आन्री मिल्न-एडवर्ड्स याने १८२३ मध्ये जाहीर केलं की प्राण्यांच्या सगळ्या ऊती, मग तो स्नायू असो, मज्जातंतू असो की त्वचा, एकाच मापाच्या गोल कणांच्या बनलेल्या असतात. माप १/३०० मिलिमीटर. त्याने कल्पनेने लिहिलं नव्हतं, त्याला खरोखर तसंच दिसलं होतं. इतरांनाही थोडंफार तसंच दिसत होतं. सजीवांची मूळ वीट सापडली, असं वाटण्याजोगी परिस्थिती होती.

फक्त त्यातले बरेचसे कण शरीरात नव्हते. ते भिंगात होते. कुठलाही बारीक ठिपका, कुठलीही धागेदोऱ्यांची गुंतागुंत सदोष भिंगातून पाहिली की तिचे गोल गोल डाग होतात. आणि भिंग सगळीकडे तेच असल्यामुळे डागही सगळीकडे साधारण सारखेच.

आता आपला नायक. जोसेफ जॅक्सन लिस्टर, लंडनचा वाइनचा व्यापारी, पंथाने क्वेकर. शाळा चौदाव्या वर्षी सुटलेली. दिवसभर धंदा, आणि भिंगांचा नाद उरलेल्या वेळात. (शनिवार-रविवारच्या छंदांना नावं ठेवणाऱ्यांनी कृपया नोंद घ्यावी.) त्याने १८२६ मध्ये स्वतःच्या कल्पनेप्रमाणे एक सूक्ष्मदर्शक बनवून घेतला. पुढच्याच वर्षी तो आणि त्याचा डॉक्टर मित्र थॉमस हॉजकिन, म्हणजे ज्याच्या नावाने हॉजकिन्स डिसीज ओळखला जातो तोच, यांनी मिळून रक्त आणि ऊती तपासल्या. रक्तातल्या तांबड्या पेशी गोळे नसून मध्ये दबलेल्या चकत्या निघाल्या. स्नायूंवर आडव्या बारीक रेषा दिसल्या. आणि ते जगप्रसिद्ध गोल कण? कुठेच नाहीत!

सिद्धांत पाडायला नवा सिद्धांत लागला नाही, चित्राची क्वालिटी सुधारली एवढं पुरलं.

पण लिस्टरचं खरं काम १८३० चं आहे. आपल्याकडचं भिंग चांगलं निघालं यावर तो समाधानी नव्हता, चांगलं का निघालं हे त्याला हवं होतं. वेगवेगळ्या कारागिरांची जोडभिंगं घेऊन, वस्तू कमी-जास्त अंतरावर ठेवून तो मोजत बसला. आणि त्याला सापडलं ते असं. अशा प्रत्येक जोडभिंगासमोर एक नाही, दोन जागा असतात, एक जवळची, एक लांबची, जिथे वस्तू ठेवली तर आकाराचा दोष नाहीसा होतो. त्या दोन जागांच्या मध्ये दोष एका बाजूला झुकतो, पलीकडे गेलं की दुसऱ्या बाजूला. आणखी एक गंमत. चित्राच्या मध्यापासून दूरच्या बिंदूंना धूमकेतूसारखं शेपूट फुटतं. एका जागी ते बाहेरच्या दिशेला असतं, दुसऱ्या जागी आतल्या.

मग नियम सरळ होता. वस्तू पुढच्या भिंगाच्या जवळच्या जागी ठेवायची. मागचं भिंग अशा अंतरावर ठेवायचं की पुढच्यातून निघालेले किरण त्याला आपल्या लांबच्या जागेवरून आल्यासारखे वाटतील. डाग दोघांतही नाही, आणि शेपटं उलट्या दिशांची असल्यामुळे एकमेकांना खोडून काढतात. आपल्याकडे पत्रिका जुळवतात, लिस्टरने भिंगांची पत्रिका जुळवली! फरक इतकाच की इथे छत्तीस गुण नव्हते. एकच गुण होता, अंतर.

हा लेख रॉयल सोसायटीने छापला आणि १८३२ मध्ये या वाइनच्या व्यापाऱ्याला सदस्य करून घेतलं. त्याने पुढे आपलं ज्ञान लंडनच्या कारागिरांना मोकळ्या हाताने दिलं. जोडभिंगांचा सूक्ष्मदर्शक आता खेळणं राहिला नाही. १८३८-३९ मध्ये श्लायडन आणि श्वान यांनी पेशी सिद्धांत मांडला, तेव्हा निरीक्षकांच्या हातात या नव्या पिढीची उपकरणं येऊ लागली होती. आणि हो, ज्या १८२७ साली रक्ताचं ते संशोधन प्रसिद्ध झालं, त्याच साली लिस्टरला एक मुलगा झाला. वडिलांच्या सूक्ष्मदर्शकांत वाढलेल्या या मुलाने चाळीस वर्षांनी जंतुनाशक वापरून शस्त्रक्रिया सुरक्षित केल्या. तोच सर्जन जोसेफ लिस्टर.

आता आपल्या ५० आणि २०० च्या जोडीकडे येऊ या. ही जोडी का चालते? साधी ५० मिमीची लेन्स एका विशिष्ट कामासाठी बनवलेली असते. पुढून लांबच्या वस्तूचे जवळजवळ समांतर किरण घ्यायचे आणि मागे, एसएलआरमध्ये माउंटपासून साधारण ४५ मिमीवर, त्यांचं चित्र उमटवायचं. ती उलटी केली आणि जिथे फिल्म असायची तिथे मुंगी ठेवली, की तेच काम उलट्या दिशेने होतं. मुंगीवरून निघालेले किरण पुढच्या काचेतून समांतर बाहेर पडतात. आणि समोर कोण उभी आहे? इन्फिनिटीला ठेवलेली २०० मिमीची लेन्स, जिला नेमके समांतर किरणच हवे असतात. दोघीही आपापलं ठरलेलं काम करतात, कुणावर सवयीबाहेरचं ओझं नाही. लिस्टरचं गणित वेगळं होतं, पण मर्म हेच. पहिलं भिंग ज्या स्थितीत उत्तम देतं आणि दुसरं ज्या स्थितीत उत्तम घेतं, त्या जुळल्या पाहिजेत.

क्लोज-अप फिल्टरचंही तेच. स्वस्तातले फिल्टर एका काचेचे असतात, म्हणून कडांना रंग येतो. दोन काचा चिकटवलेला ॲक्रोमॅट घेतला, उदाहरणार्थ कॅननचा २५०डी, तर त्यात डॉलंडचाच फॉर्म्युला असतो. भिंग कितीही पॉवरचं घ्या, दोष झाकायला आत दुसरं भिंग आहे का ते आधी बघा.

आणि ॲपर्चर? "खूप बंद करा, सगळं शार्प येईल" हा सल्ला इथे चालत नाही. जर्मनीच्या एर्न्स्ट आबेने १८७३ मध्ये दाखवलं की किती बारीक तपशील दिसणार हे मॅग्निफिकेशनवर नाही, तर भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं त्यावर ठरतं. आपल्या चौपट जोडीत उलट्या लेन्सचं ॲपर्चर एफ/२.८ असेल तर सेन्सरच्या दृष्टीने ते एफ/११ होतं. एफ/८ केलं तर थेट एफ/३२, म्हणजे भिंगाचे दोष गेले तरी प्रकाशाच्या स्वतःच्या पसरण्याने चित्र मऊ पडणार. त्यामुळे थोडंसंच बंद करायचं, फोकस कणाकणाने सरकवत बरेच फोटो काढायचे आणि सॉफ्टवेअरने ते एकत्र करायचे. लेव्हॉन बिस या ब्रिटिश फोटोग्राफरने हेच टोकाला नेलं. २०० मिमीच्या लेन्सपुढे सूक्ष्मदर्शकाचं १० पट ऑब्जेक्टिव्ह लावून त्याने एकेका कीटकाचे ८००० हून जास्त फोटो जोडले. २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या संग्रहालयात ते भिंतीभर आकारात लागले होते. हूकच्या पिसवेच्या चित्राचा हा साडेतीनशे वर्षांनंतरचा वारस.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. लिस्टरच्या काळात गोरिंग नावाच्या डॉक्टरने एक साधी शिस्त घालून दिली होती. नवं भिंग आलं की आधी फुलपाखराच्या पंखावरच्या खवल्यांवरच्या रेषा पाहायच्या. त्या तिथे असतातच, हे ठाऊक असतं. त्या दिसल्या तर भिंगावर विश्वास ठेवायचा. तुम्हीही लेन्सला लेन्स लावाल तेव्हा पहिला फोटो मुंगीचा काढू नका. वर्तमानपत्रातल्या छापील फोटोचे ठिपके किंवा नोटेवरची बारीक अक्षरं घ्या, मधोमध आणि चारी कोपऱ्यांत. जे आहे ते आहे तसं दिसलं, तर मग मुंगीकडे वळा. नाहीतर तिच्या अंगावर एखादा सुंदर गोल कण दिसायचा, आणि आपण त्याला नाव देऊन मोकळे!